अर्ध्या मिनिटाचा शेजार

लिफ्टमध्ये दोन माणसं शिरतात. एकाला चौथ्या मजल्यावर जायचंय, दुसऱ्याला सातव्या. दोघंही तीन वर्षं त्याच इमारतीत राहतायत. दार लागतं आणि दोघांची नजर वरच्या आकड्यांना चिकटते, ती चौथा मजला येईपर्यंत. आता तीच दोन माणसं घ्या, फक्त लिफ्ट बंद पडलेली आहे. जिने चढावेत की थोडी वाट बघावी, या विचारात दोघं खाली उभे आहेत. "कधीपासून बंद आहे हो?" एवढ्या प्रश्नावर पुढची दहा मिनिटं निघतात. मागच्या वेळी दुरुस्तीला किती दिवस लागले, कोणाच्या घरी गुडघे धरलेलं माणूस आहे, सामान वर कसं न्यायचं. शेवटी दोघं बरोबरच जिना चढतात आणि चौथ्या मजल्यावर दोघांना एकमेकांची नावं ठाऊक झालेली असतात.

लिफ्ट बंद ठेवा, असा याचा अर्थ नाही. पण माणसं तीच होती, त्यांचा स्वभावही तोच होता. त्यांना थांबायला एक कारण मिळालं आणि बोलायला एक विषय मिळाला, एवढंच. "हल्ली लोकच पूर्वीसारखे राहिले नाहीत" हे वाक्य आपण फार सहज टाकतो. मला ते जेमतेम अर्धं खरं वाटतं. वस्तीत जिव्हाळा राहतो की ती कोरडी होते, हे बऱ्याच अंशी जिने, दारं, बाकं, रस्ते आणि गाड्यांचा वेग ठरवतात. यातलं सगळं आपल्या हातात नसतं, पण वाटतं त्यापेक्षा बरंच असतं.

तोंडओळख पुरते

शेजारी म्हणजे मित्र, ही अपेक्षाच आधी सोडून देऊ. जेफ्री हॉल या अमेरिकी अभ्यासकाने २०१८ मध्ये एक अंदाज मांडला होता. नुसत्या ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून जास्त. जिन्यात रोज दोन मिनिटं बोललात तर ५० तास भरायला चार वर्षं लागतील. एवढा उरक कोणाला नसतो आणि प्रत्येक शेजाऱ्याशी एवढं जमावं अशी इच्छाही नसते.

वस्तीला लागते ती तोंडओळख. आपल्याकडे या शब्दात किंचित तुच्छता आहे, "तशी तोंडओळख आहे" म्हणजे विशेष काही नाही. पण समाजशास्त्रज्ञांनी या पातळ ओळखीला फार मान दिला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नोकरीची खबर बहुतेकदा अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून लागते, जिवलगांकडून कमी. कारण उघड आहे. जिवलगांना जे ठाऊक, ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. नवीन बातमी येते ती आपल्या वर्तुळाच्या बाहेरून. पुढे २०१४ मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना असं आढळलं की अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणसाला जास्त बरं वाटतं.

मग आपण बोलत का नाही? कारण समोरच्याला ते नको असेल असं आपण गृहीत धरतो. त्याच वर्षी निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोत रेल्वेने रोज जा-ये करणाऱ्यांवर प्रयोग केला. अनोळखी सहप्रवाशाशी बोललात तर प्रवास कसा जाईल, असं विचारल्यावर लोक म्हणाले, गप्प बसलेलंच बरं. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितलं होतं त्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा चांगला गेला. म्हणजे लिफ्टमधली ती दोन माणसं बहुधा एकमेकांना त्रास नको म्हणूनच गप्प असतात.

तोंडओळखीचा आणखी एक गुण म्हणजे तिच्यात घुसखोरी नसते. शेजाऱ्यांशी संबंध वाढवायचे म्हटलं की काहींच्या पोटात गोळा येतो: आता हे लोक घरात डोकावणार. न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये यावर फार नेमकं लिहिलं आहे. त्यांच्या भागातले रहिवासी पाहुण्यांसाठी घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवून जात. किल्ली ठेवण्याइतका त्याच्यावर विश्वास होता, पण किल्ली कोणासाठी आहे आणि का, हे तो विचारत नसे. चांगल्या शेजाराची याहून सुटसुटीत व्याख्या माझ्या वाचनात नाही.

जाता-येता

ही तोंडओळख होते कुठे? उत्तर कंटाळवाणं वाटेल, पण ते पक्कं आहे: जाण्यायेण्याच्या वाटेवर.

दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाने विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली. घर कोणतं मिळणार, यात विद्यार्थ्यांना फारशी निवड नव्हती. लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या जोडप्यांना विचारलं, तुमचं येणंजाणं कोणाकडे आहे? १९५० मध्ये आलेले आकडे असे: अगदी लागून असलेल्या दारातल्या ४१ टक्के लोकांचं नाव घेतलं गेलं, एक दार सोडून पलीकडच्यांचं २२ टक्के आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या लोकांचं फक्त १० टक्के. मजल्यावर घरं होती पाचच. अख्खा व्हरांडा शंभर फुटांच्या आतला. एवढ्याशा अंतरात मैत्री चौपट घसरली.

त्याहून गमतीचं म्हणजे नुसतं अंतरही निर्णायक नव्हतं. तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी ज्यांची घरं होती, त्यांची वरच्या मजल्याशी ओळख जास्त. टपालपेट्यांजवळच्या घरांचंही तसंच. ही मंडळी काही जास्त बोलकी नव्हती. त्यांच्या दारावरून माणसं जात होती, बस्स.

यातून पहिला उपाय निघतो आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे. काहीही नवीन ठेवायचं असेल, मग ती सूचनांची पाटी असो, झाडांच्या कुंड्या असोत की जुन्या पुस्तकांची पेटी, ते आधीच जिथे पावलं पडतात तिथे ठेवा. इमारतीच्या मागे, छान सावलीत, कोणाच्याही वाटेवर नसलेल्या कोपऱ्यात केलेली बैठक ओस पडते आणि मग लोकच उदासीन आहेत असा निष्कर्ष काढला जातो. माणसं मुद्दाम भेटायला फारशी जात नाहीत. जाता जाता थांबतात.

थांबायला मात्र काहीतरी हवं. विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मोठ्या इमारतींपुढच्या मोकळ्या पटांगणांवर कॅमेरे रोखून माणसं कुठे बसतात ते टिपलं. ऊन, वास्तूची शोभा, जागेचा आकार असे सगळे तर्क करून झाल्यावर उत्तर हाती आलं ते असं, की माणसं जिथे बसायला जागा असते तिथे बसतात. हसू येतं खरं, पण आपल्या आजूबाजूला नजर टाका आणि फाटकापासून कोपऱ्यापर्यंत पाठ टेकून बसता येईल अशा जागा मोजा. व्हाइट यांनी आणखी एक बारकावा टिपला आहे. सुटी खुर्ची असेल तर माणूस बसण्याआधी ती दोन-चार इंच सरकवतो. ऊन तेच, दिशा तीच, तरी सरकवतो. खुर्ची आपली झाली, हे स्वतःला आणि शेजारच्याला सांगण्याची ती रीत असावी.

बाकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बहुतेक बाकं चुकीची असतात. भिंतीकडे तोंड केलेल्या बाकावर कोणी बसत नाही. माणसाला माणसं बघायची असतात. पाठीमागे भिंत किंवा झाड असलं की बरं वाटतं. पाठ नसलेलं बाक म्हाताऱ्यांच्या कामाचं नाही आणि हात नसलेल्या बाकावरून त्यांना उठता येत नाही. एकच लांबलचक बाक असेल तर दोन अनोळखी माणसं दोन टोकांना बसतात आणि गप्प राहतात. दोन लहान बाकं एकमेकांशी काटकोनात ठेवली तर मान न वळवता बोलता येतं आणि बोलायचं नसेल तर समोर बघतही बसता येतं. ही दुसरी सोय पहिलीइतकीच महत्त्वाची. सार्वजनिक पदपथावर बाक ठेवायला परवानगी लागते आणि ती मिळवताना दम निघतो, म्हणून सुरुवात आपल्या फाटकाच्या आतल्या दोन फुटांपासून करावी.

व्हाइट यांच्याच निरीक्षणातली आणखी एक गोष्ट म्हणजे तिसरी वस्तू. दोन अनोळखी माणसांना बोलतं करायला बहुधा तिसरं काहीतरी लागतं: रस्त्यावरचा वादक, एखादं विचित्र शिल्प, लहान मूल, कुत्रा. बंद पडलेली लिफ्ट हीसुद्धा तिसरी वस्तूच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात २००९ मध्ये एकाने घरापुढे खांबावर पुस्तकांची छोटी पेटी लावली, एक घ्या, एक ठेवा. ती कल्पना पुढे जगभर पसरली. पुस्तकं किती वाचली जातात हा वेगळा विषय आहे. पेटीपाशी उभं राहून "हे तुम्ही वाचलंय का?" विचारता येतं, तिचा खरा उपयोग तो.

गाड्यांचं काय करायचं?

इथे मी थोडा हटवादी आहे. वस्तीतल्या रस्त्यावरून गाड्या भरधाव जात असतील तर बाकं, कुंड्या, पुस्तकं सगळं फुकट.

डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या दिसणाऱ्या रस्त्यांवरच्या रहिवाशांशी बोलून १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात होत्या, दुसऱ्यावरून सुमारे १६,०००. पहिल्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे होते. दुसऱ्यावर मित्र ०.९, ओळखीचे ३.१. पण मला आकड्यांपेक्षा त्यांची दुसरी पद्धत जास्त लक्षात राहिली. त्यांनी लोकांना नकाशावर 'माझं घर कुठवर' ते आखायला सांगितलं. शांत रस्त्यावरच्यांनी रस्ता ओलांडून पलीकडच्या घरांपर्यंत रेघ नेली. गर्दीच्या रस्त्यावरच्यांची रेघ आपल्या इमारतीच्या दारात संपली. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेत गेले.

वेगाचं गणित एकदा स्वतः करून बघण्यासारखं आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर; ३० म्हणजे ८ मीटरहून थोडं जास्त. पुढे चेंडू आला आणि त्यामागे मूल. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातली गाडी १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० च्या वेगातल्या गाडीचा ब्रेक तेवढ्या अंतरावर लागायला नुकती सुरुवात होत असते. म्हणजे जिथे पहिली गाडी थांबली, तिथे दुसरी अजून पूर्ण वेगात आहे. यानंतर मुलांना बाहेर का सोडत नाही, हे पालकांना विचारावं लागत नाही. आणि मुलं बाहेर नसली की पालकही बाहेर नसतात.

'गाडी हळू चालवा' ही पाटी मात्र कुचकामी आहे. चालक पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो. रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा दिसला की पाय आपोआप दाबला जातो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे उलटं करून पाहिलं गेलं. निवासी गल्लीत झाडं, बाकं, वळणं आणून पदपथ आणि रस्ता यांतला भेदच काढून टाकला. गाडीला बंदी नाही, पण तिने पाहुण्यासारखं, चालण्याच्या वेगाने जायचं. १९७६ मध्ये तिथे याला कायद्याची मान्यता मिळाली. आपल्या पातळीवर इतकं करता येत नाही. पण गाड्या एकाच बाजूला ओळीने न लावता थोड्या या बाजूला, थोड्या त्या बाजूला लावल्या तरी सरळ रस्त्याला नागमोडी वळण येतं आणि वेग उतरतो. गल्लीचं तोंड अरुंद करायला किंवा उंचवटा बसवायला स्थानिक प्रशासनाकडे जावं लागेल. तिथे एकट्याचा अर्ज आणि वीस घरांच्या सह्यांचा अर्ज यांत फरक पडतो. सह्या गोळा करताना वीस दारं वाजवावी लागतात, हा वरचा फायदा.

रस्ता काही तास बंद ठेवणं हा आणखी एक मार्ग. कोलंबियाची राजधानी बोगोटा १९७४ पासून हे करते आहे. आज तिथे दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शंभरहून जास्त किलोमीटरचे रस्ते सकाळी ७ ते दुपारी २ सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे होतात. पण छोटं उदाहरण मला जास्त आवडतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये २००९ मध्ये काही पालकांनी आपली एकच गल्ली शाळा सुटल्यावर थोडा वेळ गाड्यांसाठी बंद केली. खेळ आखले नव्हते, स्पर्धा नव्हत्या, बक्षिसं नव्हती. मुलं खेळली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला बाहेर आलेली मोठी माणसं एकमेकांशी बोलत उभी राहिली.

मागितल्याशिवाय जमत नाही

बहुतेक सल्ले सांगतात, शेजाऱ्याला मदत करा. माझा सल्ला उलटा आहे: शेजाऱ्याकडे काहीतरी मागा.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आठवणींत एक किस्सा सांगितला आहे. विधिमंडळातला एक सदस्य त्यांच्या विरोधात होता. त्याची खुशामत करण्याऐवजी फ्रँकलिन यांनी त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक थोडे दिवस मागितलं. त्याने लगेच पाठवलं, यांनी आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं आणि तेव्हापासून दोघांचं जमलं. १९६९ मध्ये जेकर आणि लँडी या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातही हेच पाहिलं: ज्याच्यासाठी आपण काही केलं, तो आपल्याला जास्त आवडू लागतो. मदत दिल्याने समोरच्यावर ओझं होतं. मागितल्याने त्याला मान मिळतो.

आमच्या जिन्यातलीच गोष्ट आहे. मला दिवा बदलायला शिडी हवी होती आणि विकत आणायचा आळस होता. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे ॲल्युमिनियमची सहा पायऱ्यांची शिडी दिसायची. त्यांच्याशी तोवर मान हलवण्यापलीकडे संबंध नव्हता. दार वाजवलं, मागितली. त्यांनी शिडी दिलीच, शिवाय तिसऱ्या पायरीचा स्क्रू सैल आहे, तिथे जोर देऊ नका, असं दोनदा बजावलं आणि दिवा बसेपर्यंत खाली उभे राहिले. परत करताना मी तो स्क्रू आवळून दिला. त्यानंतर ती शिडी अख्ख्या इमारतीत फिरायला लागली, कारण मी ती कोणाकडून आणली हे मीच सगळ्यांना सांगत होतो.

मागताना वस्तू लहान हवी, परत करायची तारीख ठरलेली हवी आणि वस्तू नेली त्यापेक्षा किंचित बऱ्या अवस्थेत परत यायला हवी. कोणाकडे काय आहे याची एक यादी जिन्यात लावली तर विचारण्याचा संकोच जातो.

संकटात काय होतं

आतापर्यंतचं वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, बरं वाटतं, पण यात एवढं काय? १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली, बरीचशी म्हातारी आणि एकटी राहणारी. एरिक क्लिनेनबर्ग यांनी एकमेकांना लागून असलेले दोन भाग तपासले, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. दोन्हीकडे गरिबी सारखीच, एकटे वृद्धही सारखेच. पहिल्यात लाखामागे ४० मृत्यू, दुसऱ्यात ४ च्या आत. पहिल्या भागात दुकानं बंद पडली होती, प्लॉट ओसाड होते, लोक बाहेर पडायला घाबरत. दुसऱ्यात रस्ता गजबजलेला. तिथली म्हातारी माणसं उकाड्यात घराबाहेर पडत, दुकानात गारव्याला जाऊन बसत आणि एखादा दिवस दिसली नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येई.

त्याच वर्षी जानेवारीत जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. सरकारी पथकं पोहोचायला वेळ लागला. अवाजी बेटावरच्या होकुदान भागात तर शेजारी कोणत्या खोलीत झोपतो हेही लोकांना ठाऊक होतं, त्यामुळे नेमकं कुठे उकरायचं ते कळलं.

ओसाड प्लॉटचा उल्लेख आला म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात संशोधकांनी ५४१ पडीक प्लॉट घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काही साफ करून तिथे गवत आणि थोडी झाडं लावली, ठेंगणं लाकडी कुंपण घातलं आणि देखभाल ठेवली. काही नुसते साफ केले, काही तसेच सोडले. २०१८ मध्ये निकाल छापले. हिरवळ केलेल्या प्लॉटांजवळच्या लोकांमध्ये खिन्न वाटण्याचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं आणि गरीब भागांत बंदुकीच्या गुन्ह्यांत २९ टक्के घट दिसली. नुसत्या साफसफाईचा खिन्नतेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. कुंपण ठेंगणं आहे, याकडे लक्ष द्या. त्याचा अर्थ 'येऊ नका' असा होत नाही. कोणीतरी इकडे बघतंय, असा होतो.

थोडं सावधपणे

घट्ट वस्ती नेहमीच चांगली वस्ती असते, असं नाही. जी माणसं आपापसांत फार घट्ट असतात ती नव्याला आत घेत नाहीत आणि वेगळ्या दिसणाऱ्यावर पाळत ठेवू लागतात. भाडेकरूला बैठकीला न बोलावणं हा त्यातला सगळ्यात सभ्य दिसणारा प्रकार. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी दार वाजवून पाण्याची वेळ, कचऱ्याची जागा आणि एक फोन नंबर असलेला कागद दिला, तर निम्मी भिंत तिथेच पडते.

मोबाइलवरच्या ग्रुपबद्दल माझं मत फारसं बरं नाही. सूचनांसाठी तो उत्तम. भांडणासाठी त्याहून उत्तम. समोरासमोर जे वाक्य आपण अर्ध्यावर गिळलं असतं, ते तिथे शंभर जणांसमोर जातं. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवावा आणि तक्रार असेल तर दार वाजवावं.

मोठ्या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. पॅरिसच्या सतराव्या प्रभागात १९९९ मध्ये 'शेजाऱ्यांचा दिवस' सुरू झाला आणि तो युरोपभर गेला. पण वर्षातून एकदा तीनशे माणसं जमवण्यापेक्षा महिन्यातून दोनदा सात माणसांनी अर्धा तास कुंड्यांना पाणी घालणं जास्त टिकतं. नाही आलात तर कोणाचं अडत नाही आणि आलात तर काहीतरी काम हातात असतं, त्यामुळे न बोलणाऱ्यालाही उभं राहता येतं.

शिडीचं म्हणाल तर परवा मला ती पुन्हा हवी होती. काका म्हणाले, दुसऱ्या मजल्यावर बघा. दुसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर पाठवलं. पाचव्यावर ती सापडली, पण तिथल्या मुलीचं भिंत रंगवणं चालू होतं, म्हणून अर्धा तास मी शिडी धरून उभा होतो.